बोर्डिंग पास म्हणजे व्हिसा नव्हे, आणि बॅगेसाठी विमान थांबत नाही

उदगीरहून मावशीचा फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. पुढच्या महिन्यात ती आणि काका लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेत. हैदराबादहून दुबई, दुबईत चौदा तासांचा हॉल्ट, मग पुढचं विमान. "अगं, इथं सगळेच म्हणायलेत की चोवीस तासाच्या आत असलं तर व्हिसा-बिसा काही लागत नाही. दुबई बघूनच जाऊ म्हणायलेत तुझे काका. डबा घेऊन बाहेर पडायचं, सामान विमानवाले बघतेत."

कुठून आलं हे, विचारलं तर तोच मेसेज. 'एका तिकिटात दोन देश'. माझ्याकडे तो तीन ग्रुपांतून आधीच आला होता आणि मी न बोलता पुढे सरकले होते. ते चुकलं. कारण मेसेज वाचणारा आता खरंच विमानात बसणार आहे, वय सत्तरीचं आहे आणि सोबत इंग्रजी बोलणारं कोणी नाही.

मेसेजात काय म्हटलंय ते थोडक्यात. आंतरराष्ट्रीय कायद्याने ट्रान्झिट, म्हणजे मधल्या देशात विमान बदलणाऱ्या, प्रवाशाला कोणत्याही देशात २४ तास व्हिसाशिवाय फिरता येतं, बोर्डिंग पास हाच व्हिसा. बॅग विमानाच्या पोटात असते म्हणून तुम्हाला सोडून विमान उडूच शकत नाही, निवांत फिरा. ट्रान्झिटवाल्यांची कस्टममध्ये तपासणी होत नाही, घरचं खाणं आणि औषधं बिनधास्त सोबत न्या. आठ तासांवर हॉल्ट असेल तर विमान कंपनी प्रत्येकाला हॉटेल आणि शहराची सहल फुकट देते. परत यायला एक तास पुरे.

कायद्यापासून सुरू करते. मेसेजात 'शिकागो करार' असा दाखला दिलाय. करार खरा आहे, ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेला, जगातली नागरी विमान वाहतूक त्याच्यावरच उभी आहे. पण त्याचं १३वं कलम नेमकं उलटं सांगतं. विमानाने येणाऱ्या प्रवाशाने प्रवेश, इमिग्रेशन, पासपोर्ट, कस्टम या बाबतीत ज्या देशात तो उतरतो त्या देशाचे नियम पाळले पाहिजेत. म्हणजे विमानतळाचं बाहेरचं दार त्या देशाचं असतं. तिकीट विकणाऱ्या कंपनीचं नसतं, आणि कुठल्याही कराराने ते आपल्यासाठी उघडं ठेवलेलं नाही. एवढं एक कलम ज्याने वाचलं त्याने हा मेसेज पुढे पाठवला नसता.

मग हे २४ तास आले कुठून? तिकिटाच्या हिशेबातून. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधला थांबा २४ तासांच्या आतला असेल तर कंपन्या त्याला साधारणपणे जोडप्रवास धरतात, त्याहून जास्त असेल तर वेगळा मुक्काम, आणि त्यावर भाडं ठरतं. भाड्याचा नियम कोणीतरी व्हिसाला चिकटवून दिला. काही देश ठराविक तासांची सवलत देतात हे मान्य करते, पण ती त्यांनी त्यांच्या कायद्यात दिलेली, त्यांच्या अटींवर. सिंगापूरचं मला स्वतःला माहीत आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांचा चालू व्हिसा असेल आणि पुढच्या देशाचं तिकीट हातात असेल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर पडता येतं. मी पडले आहे. तरीही खिडकीतल्या अधिकाऱ्याने तिकीट मागितलं, आगमनाचा ऑनलाइन फॉर्म बघितला, मग सोडलं. नाही म्हणायचा अधिकार शेवटपर्यंत त्याचाच. तोच अमेरिकेचा व्हिसा घेऊन फ्रँकफर्टला शहरात जाऊ म्हणाल तर नाही जाता येत, तिथे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक शेंगेन व्हिसाच हवा.

मावशीचं दुबईचं काम होण्यासारखं आहे, ते तिला त्याच रात्री सांगितलं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असणाऱ्यांना संयुक्त अरब अमिराती पोचल्यावर १४ दिवसांचा व्हिसा देते, शुल्क घेऊन. पासपोर्ट आणि तो व्हिसा, दोन्हींची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. ज्याच्याकडे असा व्हिसा नाही त्याच्यासाठी ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा आहे, पण तो निघायच्या आधी, तिथल्या विमान कंपनीमार्फत काढून ठेवायचा. दुबईत उतरल्यावर मागून मिळत नाही. बोर्डिंग पास दाखवून कोणी सोडणार नाही.

आता बॅगेचं. हा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त चीड आली, कारण यात अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यानेच माणूस फसतो. प्रवासी नाही आणि बॅग आहे, असं विमान उडवत नाहीत, हे खरं. का उडवत नाहीत, ते मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं. २३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान. कॅनडात व्हँकुव्हरला एक बॅग जोडविमानात चढली, ती देणारा माणूस चढला नाही. टोरांटोला ती बॅग एअर इंडियाकडे आली आणि आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशात स्फोट झाला. ३२९ माणसं गेली. त्याच दिवशी तशीच दुसरी बॅग टोकियोच्या नारिता विमानतळावर फुटली, सामान उतरवणारे दोन कामगार मेले. तीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ला, स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन अ‍ॅमचं विमान, पुन्हा मालक नसलेली बॅग, २७० मृत्यू. त्यातून हा नियम कडक झाला.

त्या नियमाचा अर्थ 'प्रवाशासाठी थांबा' असा नाही. 'बॅग उतरवा' असा आहे. नाव पुकारतात, गेट बंद करतात, खाली कामगार कंटेनर उघडून तुमची बॅग काढतात आणि विमान जातं. उशीर झालाच तर आतल्या तीनशे लोकांना होतो, आणि तुम्ही दुबईत राहता. एवढ्यावर भागत नाही. एकाच तिकिटातला एक टप्पा न कळवता चुकवला की बहुतेक कंपन्या पुढचे सगळे टप्पे रद्द करतात, परतीचासुद्धा. लेकीचे दिवस भरत आलेत आणि आई-बाप दुबईच्या काउंटरवर नवं तिकीट मागत उभे, त्याच दिवशी काढलेल्या तिकिटाच्या किमतीत. 'निवांत फिरा' लिहिणाऱ्याने याचा विचार केला होता का?

मग मी मावशीला विचारलं, हाताशी ठेवायच्या बॅगेत काय काय आहे. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू. "आन् खसखस घेतलीय अर्धा किलो, बाळंतिणीला खिरीला."

खसखस. आपल्या घरात मसाल्याच्या डब्याशेजारी असते, अनारशावर लावतो, बाळंतिणीला खीर करून देतो. ती अफूच्या बोंडातलं बी आहे आणि अमिरातीत तिला बंदी आहे. अमली पदार्थांच्या कायद्याखाली. सिंगापुरातही ती निषिद्ध मालात मोडते. 'ट्रान्झिटवाल्यांची कस्टममध्ये तपासणी होत नाही' हे वाक्य साफ खोटं आहे. बाहेर पडलात की तुम्ही त्या देशात आलात, आणि इतर सगळ्यांची पिशवी जशी तपासतात तशी तुमचीही तपासतील. तिथला अधिकारी बाळंतिणीची खीर समजून घेईल अशी आशा ठेवून कोणी जाऊ नये. बाहेर न पडता नुसतं विमान बदलायचं असलं तरी मी म्हणेन खसखस घरीच ठेवा. अमेरिकेत ती भारतीय किराणा दुकानात मिळते.

औषधांचं तर त्याहून गंभीर. काकांच्या गुडघ्याला ट्रॅमाडॉल असलेली गोळी चालू आहे. आपल्याकडे डॉक्टर ती सहज लिहून देतात, खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधासारखी. अमिरातीत दोन्ही नियंत्रित औषधं आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी आणि तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. परवानगी नसेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून गोळी बदलून घ्या. आणि ज्यांच्या खिशात तंबाखू-चुन्याची पुडी असते त्यांच्यासाठी, सिंगापुरात खायची तंबाखू आणायला मनाई आहे. च्युइंग गमवर तर १९९२पासून बंदी आहे.

डबा मेट्रोत उघडायचा सल्लाही मेसेजात आहे. दुबई मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर १०० दिरहम दंड.

फुकट हॉटेल आणि सहलीचं पूर्ण खोटं नाही, एवढं म्हणते. टर्किश एअरलाइन्स इस्तंबूलला ६ ते २४ तास थांबणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांना शहराची मोफत सहल देते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर साडेपाच ते २४ तासांच्या हॉल्टमध्ये अडीच तासांची मोफत सहल आहे. एमिरेट्सही दुबईत काही प्रवाशांना हॉटेल देते, पण ते आधी नोंदवावं लागतं आणि कमी वेळाचं जोडविमान मिळत असताना तुम्ही मुद्दाम लांबचं घेतलं असेल तर नाही. 'प्रत्येकाला' हा शब्द मेसेजवाल्याचा. आणि सहल मोफत असली तरी बाहेर पडायची परवानगी तुमची तुम्हालाच लागते.

परतीला एक तास पुरतो म्हणे. अमेरिकेच्या विमानांना गेटवर वेगळी तपासणी असते. मावशीला मी साडेतीन तास आधी आत या असं सांगितलंय. चौदातून उतरल्यावरचे दोन आणि हे साडेतीन वजा केले तरी साडेआठ उरतात, आणि साडेआठ तास कमी नाहीत. लाल मार्गाची मेट्रो विमानतळाच्या टर्मिनलवरूनच निघते. खाडीवर लाकडी नाव एका दिरहमात पलीकडे नेते, देरा भागातला सोनेबाजार तिथून चालत. फक्त तेव्हा मे महिना असेल. परभणी-उदगीरचं ऊन सोसलेल्या माणसाला ४२ अंशांचं काय, असं काका म्हणाले. आपलं ऊन कोरडं आहे, तिथे समुद्राचा दमटपणा आहे, घाम वाळत नाही. सकाळचं बघा, दुपारी आत या.

रविवारी उदगीरला जातेय. बॅगा मी स्वतः उघडून बघणार आहे, काकांच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन सोमवारी त्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. खसखस मावशीने तेवढ्यातच काढली, फोन चालू असतानाच. बरणीचं झाकण लावल्याचा आवाज मला ऐकू आला.