हवाईयन गिटार केकुकूचीच आहे, मामा

गेल्या आठवड्यात मामाने मोबाइलवर आलेला एक संदेश मला पुढे पाठवला. खाली त्याचं एकच वाक्य होतं, "बघ, मी म्हणत होतो ना!" मामा चाळीस वर्षं हवाईयन गिटार वाजवतोय. आधी ऑर्केस्ट्रात वाजवली, आता रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन बसतो. रविवारी सोसायटीच्या कार्यक्रमात त्याने हीच गोष्ट माइकवरून सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मात्र माझ्याने राहवेना.

संदेश थोडक्यात असा आहे. गॅब्रिएल डेव्हियन या भारतीयाने विचित्रवीणेवरून, म्हणजे तारांवर गोटा सरकवून वाजवायच्या आपल्या वीणेवरून, स्टील गिटार म्हणजेच हवाईयन गिटार शोधली. हवाईच्या जोसेफ केकुकूने ती चोरली. हवाईच्या वादकांनी तारा लावायच्या पद्धतीही आपल्या सा-प वरून आणि भैरवीवरून घेतल्या. आणि शेवटी, "बेटांवरच्या अडाणी लोकांना इतकं सूक्ष्म वाद्य सुचणं शक्यच नव्हतं."

डेव्हियन हा काल्पनिक माणूस नाही, एवढं मान्य. भारतात जन्मलेला, एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेला हा तरुण १८८०च्या दशकात हवाईतल्या होनोलुलूत तारेवर काहीतरी घासून गिटार वाजवायचा, असं पुढे काहींनी आठवणीतून सांगितलं आहे. पण त्याने भारतात कुठलं वाद्य ऐकलं होतं, ऐकलं तरी होतं का, याचा कुठेही पुरावा नाही. जेम्स होआ या आणखी एकाचं नावही असंच घेतलं जातं. इतिहासकार जॉन ट्राउटमन यांनी २०१६ साली ‘कीका किला’ या पुस्तकात हे सगळे दावे तपासले आणि माप केकुकूच्या पदरात टाकलं. कारण साधं आहे. तारेवरून एखादी वस्तू घसरवणं वेगळं आणि त्यातून वादनाची अख्खी पद्धत उभी करणं वेगळं. ओआहू बेटावरच्या लाइए गावचा, १८७४ साली जन्मलेला हा मुलगा होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकत होता. त्याने आधी कंगवा आणि चाकू वापरून पाहिला. मग शाळेच्या वर्कशॉपमध्ये पोलादी कांडी बनवली, आतड्याच्या तारा काढून धातूच्या चढवल्या, त्या पडद्यांपासून उचलून घेतल्या, आणि हे सगळं बाकीच्या मुलांना शिकवलं. चोर शोध लावत वर्षं घालवत नाही.

विचित्रवीणेचा मुद्दा तर तारखांवरच कोसळतो. आज आपण जिला विचित्रवीणा म्हणतो ती मैफिलीत आणली पतियाळा दरबारच्या उस्ताद अब्दुल अझीझ खान यांनी, विसाव्या शतकात. तोवर केकुकूची गिटार अमेरिकाभर वाजत होती. हो, शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीत लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त एकतंत्री वीणा आहे आणि ती तारेवर बांबूची कांडी सरकवून वाजवायची, हेही आहे. म्हणजे तारेवर घसरण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पण देवगिरीहून होनोलुलूला ती कोणी नेली, हे संदेश सांगत नाही. सांगूच शकत नाही.

आता तारांचं. याचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण मामाने स्वतःच्या हाताखालची गिटार एकदा नीट पाहिली असती तरी पुरे होतं. जुन्या हवाईयन वादकांचं नेहमीचं ट्यूनिंग जाड तारेपासून असं: ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. ए ला षड्ज धरा, की होतं प, सा, प, सा, ग, प. संदेश लिहिणाऱ्याला यातले सा आणि प दिसले, ग दिसला नाही. खरी गंमत त्या गांधाराच्या तारेतच आहे. आपल्या वीणेवर राग मुख्यतः एका तारेवर चालतो, बाकीच्या तारा सुराला आधार देतात, म्हणून तिथे सा आणि प पुरतात. हवाईयन वादक कांडी सहाही तारांवर आडवी ठेवतो. मोकळ्या तारांवर ए मेजरचा पूर्ण स्वरमेळ (कॉर्ड), तीच कांडी पाचव्या पडद्यावर नेली की डी मेजर, सातव्यावर ई मेजर. गांधाराची तार काढून टाका, हे सगळं पोकळ होतं. ही स्वरमेळाची विचारपद्धत आहे, रागाची नाही.

आणि ती आली कुठून तेही लपलेलं नाही. १८३०च्या दशकात गुरं राखायला आलेल्या मेक्सिकन गुराख्यांबरोबर गिटार हवाईत आली. तिथल्या लोकांनी तिच्या तारा सैल करून स्वतःच्या पद्धती बनवल्या. त्यांना ते ‘की होआलु’ म्हणतात आणि घराघरांत त्या गुपितासारख्या जपल्या जात. त्यातली सर्वात प्रचलित जुळणी डी, जी, डी, जी, बी, डी. तीच एक पूर्ण स्वर वर ताणली की वरचं ट्यूनिंग तयार.

भैरवीबद्दल थोडक्यात. सोल होओपी या हवाईयन गिटारवादकाने १९३०च्या दशकात आणलेल्या सी शार्प मायनर ट्यूनिंगच्या तारा बी, डी, ई, जी शार्प, सी शार्प, ई अशा लागतात. सी शार्पला सा धरला तर हे सगळे सूर भैरवीत बसतात, हे खरं आहे. पण भैरवीचा मध्यम आणि धैवत त्यात नाहीत, आणि त्याच तारांमध्ये जॅझला हवा असणारा ई सेव्हन्थ हा स्वरमेळ तयार बसलेला आहे. सोल जॅझ वाजवायचा. उत्तर तिथेच मिळतं.

शेवटचं वाक्य मात्र मी सहज सोडणार नाही. "अडाणी लोक." १८९३ साली अमेरिकन व्यापाऱ्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानीचं राज्य उलथवलं. रॉयल हवाईयन बँडच्या वादकांना नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. नोकरी गेली की दगड खाल, असं त्यांना सुनावलं गेलं. त्यावर एलेन प्रेंडरगास्ट यांनी गाणं रचलं, की आम्हाला आमच्या भूमीचे दगड पुरे आहेत. ते आजही तिथे गातात. १८९६ साली शाळांतून त्यांची भाषा हद्दपार झाली. अशा काळात तिथले वादक बेटं सोडून पोटासाठी बाहेर पडले. १९०४ साली केकुकूही गेला, आणि १९३२ साली न्यू जर्सीत वारला. राज्य गेलं, शाळेतली भाषा गेली, हे वाद्य तेवढं जगाने त्यांच्या नावाने ओळखलं. तेही आता आपण काढून घ्यायचं?

आपला खरा संबंध उलट्या दिशेचा आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाइएतच वाढलेला गिटारवादक टाऊ मो १९४०च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहिला, वाजवत राहिला. त्या सुरांचं वेड आधी बंगालला लागलं आणि मग मुंबईच्या सिनेसंगीताला. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी याच गिटारवर राग वाजवले.

मामा, तुझी गिटारही त्याच वाटेने तुझ्या मांडीवर आली आहे. रविवारी माइकवरून ते सांगितलंस, आता येत्या रविवारी हेही सांग. केकुकूचं नाव घेऊन सांग.