जास्वंदीला मोजा

आमच्या राजारामपुरीतल्या घरासमोर एक लाल जास्वंद आहे, गेली वीस वर्षं तिला कुणी खत घातलं नाही की औषध, तरी ती आपली फुलतीय. उजाडायच्या सुमारास गल्लीतले एक काका आकडी आणि पिशवी घेऊन येतात, आमच्या आधी आमची फुलं त्यांच्या गणपतीला जातात. एवढ्यावर माझं भागायला पाहिजे होतं.

पण मी हायब्रीड जास्वंदीच्या दोन कुंड्या आणल्या, एक पिवळी, एक केशरी, फुलं ताटलीएवढी, आणि मग मोबाईलवर बघितलं की ह्यांचा संकर घरीच करता येतो. मधल्या दांडीच्या टोकाला पाच ठिपके असतात, त्यावर दुसऱ्या फुलाचा पराग टेकवायचा, झालं. मी पोराच्या ड्रॉइंगचा ब्रश घेऊन रोज सकाळी भुंग्याची ड्युटी केली. पहिली सहा बोंडं पिवळी पडून गळाली. सातवं टिकलं. बोंड पिकायला दोनेक महिने जातात आणि वाळलं की तडकून बिया सांडतात, म्हणून मी त्याला पोराचा शाळेचा पांढरा मोजा बांधला. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, दृष्टीसाठी काय हो? मी हो म्हणायचो, सोपं पडायचं.

बिया निघाल्या चौदा. ह्यांचं कवच टणक, पाणी आत शिरत नाही, म्हणून नेलकटरनं कडेला हलकासा टवका काढायचा, कोंब येतो ते टोक सोडून. मी चष्मा वर करून ते करत बसलो होतो तर बायको म्हणाली, "अहो, बीची नखं कापालाय व्हय?" आणि तिनं ते माहेरी फोन करून सांगितलं पण.

नऊ उगवल्या. चूक एकच झाली, पेरलं जूनमध्ये. आता जुलैतलं कोल्हापूर म्हणजे पंचगंगेच्या पाण्याची पातळी किती फूट झाली हे लोक चहाच्या आधी विचारतात, ऊन कुठलं बघायला मिळतंय, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत तिथं ह्या नाजूक बायांचं काय होणार. बुडाशी बुरशी लागली आणि दोन दिवसांत पाच रोपं आडवी झाली. राहिली चार. एक पिठ्या ढेकणानं खाल्लं (निंबोळी तेल मारलं, घरात चार दिवस कुणी जेवेना). दोन कुंड्यांत शेजारच्या मांजरानं संसार थाटला. राहिलं एक.

आईचं म्हणणं, भेंडी पण ह्याच कुळातली आणि दीड महिन्यात भाजी देती. तिला मी सांगत बसलो की आई, एकाच बोंडातल्या दोन बियासुद्धा सारख्या निघत नाहीत, आई-बाप पिवळे-केशरी म्हणून पोर तसंच होईल असं नाही, म्हणून तर नर्सरीवाले सरळ कलम करतात, पण आपलं हे फूल जगात दुसरीकडं कुठंच नसणार! ती म्हणाली, "नसू दे की."

वीस महिन्यांनी कळी आली. आली आणि गळाली. दुसरी पण. तिसरी टिकली, फुगली, उद्या उमलणार हे दिसायला लागलं आणि माझ्या लक्षात आलं, उद्या संकष्टी. म्हणजे काका आकडीला धार लावून येणार. फूल तर एकच दिवस टिकणार, ते पण गेलं तर मी वीस महिने कशाला घालवले, म्हणून साडेचारला शाल गुंडाळून पायरीवर बसलो.

उजाडलं तसं उमललं. रंग... कसा सांगू, तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच वाटीत ओतून वर थोडी हळद टाकावी तसा. एक पाकळी दुमडलेली.

तेवढ्यात काका आले. लाल जास्वंदीची अकरा फुलं मोजून पिशवीत टाकली, मग ह्याच्याकडं वळले. मी श्वास धरला. त्यांनी वाकून बघितलं, आकडीनं जरा हलवलं, माझ्याकडं बघितलं, शालीकडं बघितलं.

"कीड लागलीय जणू," म्हणाले, आणि पुढच्या गेटला गेले.