हायब्रिड म्हणजे चार्जिंग न लागणारी इलेक्ट्रिक गाडी? नाही हो

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर तीनदा येऊन गेला. म्हणणं थोडक्यात असं, की इलेक्ट्रिक घेऊन चार्जर शोधत कशाला फिरता, हायब्रिड घ्या, ती पण इलेक्ट्रिकच, चालता चालता आपोआप चार्ज होते, सगळ्या हायब्रिड सारख्याच, आणि वर हिरवी प्लेट, टोलमाफी, कमी टॅक्स सगळं मिळतं. लोक यावर विश्वास ठेवून बुकिंग करतायत म्हणून लिहितोय. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर असलेली गाडी.

आधी "सगळ्या हायब्रिड सारख्याच" हे घेतो, कारण खरी फसगत इथेच होते. माझ्या मामाने माइल्ड हायब्रिड घेतली, शोरूममध्ये त्याला सांगितलं होतं की सिटीत गाडी बॅटरीवर चालते. पहिल्याच आठवड्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला इंजिन बंद पडलं, मामा खूश, म्हणाला बघ आता बॅटरीवर आली. ब्रेकवरचा पाय काढला आणि घुर्रर्र करून इंजिन परत चालू. एक इंचही ती बॅटरीवर गेली नाही आणि जाणारही नाही, कारण माइल्ड हायब्रिडमध्ये चाकं एकट्या मोटरवर फिरतच नाहीत. इंजिनला पट्ट्याने जोडलेला एक मोठा स्टार्टर-जनरेटर असतो, तो गाडी वेग घेताना थोडा हात देतो आणि ब्रेक लावला की थोडी वीज साठवतो, संपलं. अर्टिगा, ब्रेझावरचं "स्मार्ट हायब्रिड" म्हणजे हेच. स्ट्राँग हायब्रिड वेगळी, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी यांची स्ट्राँग हायब्रिड मॉडेलं, या हळू वेगात इंजिन बंद ठेवून खरंच मोटरवर चालतात. आणि घोळ असा की ग्रँड विटारा माइल्डमध्येही मिळते आणि स्ट्राँगमध्येही, नाव एकच, आत जमीन-अस्मानाचा फरक.

"आपोआप चार्ज होते". अहो, पण ती वीज येते कुठून? टाकीतल्या पेट्रोलमधूनच. ब्रेक लावल्यावर जी ताकद उष्णता होऊन वाया गेली असती त्यातली थोडी परत मिळते एवढंच, ती ताकदसुद्धा मुळात पेट्रोल जाळूनच आलेली. परत बॅटरीचा आकार बघा, स्ट्राँग ग्रँड विटाराची बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास, नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ४५ युनिटची, म्हणजे जवळपास साठपट. खंबाटकी उतरताना एवढीशी बॅटरी चटकन भरते आणि मग उताराची उरलेली ताकद वायाच जाते. स्ट्राँग हायब्रिड वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही हं, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती खरंच पेट्रोल वाचवते, कारण रखडत चालताना इंजिन बराच वेळ बंद असतं. हायवेला हा फायदा कमी होतो. पण आहे ती पेट्रोलचीच गाडी, पंपावर जावंच लागणार.

भिंतीच्या सॉकेटवर चार्ज होणारी हायब्रिड पण असते, प्लग-इन म्हणतात, रोजचं जवळचं जाणंयेणं बॅटरीवर आणि लांबच्याला पेट्रोल. आपल्याकडे आत्तापर्यंत ती बहुतेक रेंज रोव्हरसारख्या लक्झरी गाड्यांतच आली, त्यामुळे मेसेजवाला तिच्याबद्दल बोलत नसणार. आणि २०२२ मध्ये गडकरी जिच्यातून संसदेत गेले ती हायड्रोजनपासून गाडीतच वीज बनवणारी टोयोटा मिराई, तिची चाकंसुद्धा इलेक्ट्रिक मोटरच फिरवते, त्या हिशोबाने ती मामाच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रिक.

आता फायदे. हिरवी प्लेट पूर्ण बॅटरीवरच्या गाडीला, खाली पार्किंगमध्ये जाऊन बघा, हायब्रिडला पांढरीच दिसेल. जीएसटी इलेक्ट्रिकवर ५ टक्के, हायब्रिडवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल गाडीसारखाच, छोटीला १८, मोठीला ४०. आणि अटल सेतू, एक्सप्रेसवे, समृद्धीवरची टोलमाफी राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना आहे, हायब्रिडला नाही, मामाने अटल सेतूवर पूर्ण टोल भरलाय.

आता मामेबहीण गाडी बघतेय, तिलाही हाच मेसेज आलाय. शनिवारी टेस्ट ड्राइव्हला मी बरोबर जाणार आहे आणि सेल्समनला एकच सांगणार, बॅटरी भरलेली असू दे, इंजिन चालू न होता गाडी शोरूमपासून गेटपर्यंत नेऊन दाखव.