सीसीआरबीबद्दलचा तो दावा किती खरा?

न्यूयॉर्कमधल्या आपल्या लोकांत एक दावा हमखास फिरतो. ग्रंथालयांत, शाळांत, भाडेकरू संघटनांच्या बैठकांत सीसीआरबीची, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या नागरी मंडळाची जी माणसं बोलायला येतात, ती पोलिसांचीच. त्यांच्याकडे नाव गेलं की व्हिसाची भानगड. आणि एवढं करून हाती काही लागत नाही.

'पोलिसांचीच माणसं.' १९५३ साली हे खरं होतं, तेव्हा मंडळ खात्यातच होतं. १९६६ मध्ये महापौर लिंडसे यांनी त्यात चार नागरिक घेतले, तर पोलीस संघटनेने सार्वमताचा घाट घालून तो प्रयोग त्याच वर्षी मोडीत काढला. १९९३ पासून मात्र मंडळ स्वतंत्र आहे. १५ सदस्यांपैकी पोलीस आयुक्तांच्या वाट्याला ३, आणि पोलिसी पार्श्वभूमी फक्त त्या तिघांनाच असू शकते. चौकशी करणारे कर्मचारीही नागरिकच.

'व्हिसा विचारतात.' नाही विचारत. भाषेची अडचण मात्र खरी. शहराच्या २०१७ च्या कायद्याने ठरवलेल्या १० भाषांत बंगाली आणि उर्दू आहेत, हिंदी-मराठी नाहीत. त्यामुळे पत्रक मराठीत मिळेल ही आशा नको. पण फोनवर दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत.

'काही होत नाही.' यात तथ्य आहे. मंडळ शिफारस करतं. शिक्षेचा शेवटचा शब्द पोलीस आयुक्तांचा, आणि ते मंडळाची शिफारस फिरवूही शकतात. पण कितीतरी तक्रारी तिथवर पोचतच नाहीत. शहराच्या ३११ या मदत क्रमांकावर किंवा ऑनलाइन केलेली तक्रार ही नुसती नोंद. पुढे तपासनिसाला जबाब द्यावा लागतो, तोही खरेपणाची हमी देऊन. अनोळखी नंबर म्हणून त्याचा फोन उचलला नाही, की फाइल तिथेच थांबते. शिवाय बहुतेक प्रकरणांत खात्याला शिस्तभंगाची कारवाई घटनेपासून १८ महिन्यांच्या आतच सुरू करता येते, आणि दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण त्याच्या कितीतरी आधी पुसलं जातं. मंडळ हुकूम काढून ते चित्रण मागवू शकतं, पण दुकान कुठलं हे कोणीतरी वेळेत सांगायला हवं.

बैठकीला जायचं ते एवढ्यासाठी. अधिकाऱ्याचं नाव माहीत नसलं तरी बिल्ला क्रमांक, गाडीचा क्रमांक, वेळ आणि चौक यांवरून शोध लागतो. अंगझडती घेऊन, अटक न करता किंवा समन्स (कोर्टात हजर राहण्याची चिठ्ठी) न देता सोडलं, तर अधिकाऱ्याने आपल्या नावाचं कार्ड न मागताच द्यायला हवं. हा कायदा १९ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे.

तक्रार कशाची, हेही तिथेच कळतं: बळाचा वापर, अधिकाराचा दुरुपयोग, उद्धटपणा, अपमानास्पद भाषा, आणि तेही फक्त शहर पोलिसांबद्दल. जेएफके विमानतळावरचे पोर्ट अथॉरिटीचे पोलीस यात येत नाहीत. लाचेची तक्रार खात्याच्या अंतर्गत चौकशी विभागाकडे जाते.

एक गोष्ट पत्रकावरच्या घोषणांपेक्षा महत्त्वाची. त्याच घटनेतून तुमच्यावर फौजदारी खटला चालू असेल, तर जबाब देण्याआधी वकिलाशी बोला. तुमचं बोलणं खटल्यात तुमच्याच विरुद्ध येऊ शकतं. तक्रार नोंदवून ठेवावी, जबाब नंतर द्यावा.