फॅट ज्याचं त्यानंच मोजावं

रक्तदाब वाढलाय म्हणता? सकाळी उठून तीन-तीन पेपर वाचता ना? मग दोष तुमचाच. एकात पंचगंगेतले मेलेले मासे, दुसऱ्यात त्याच पंचगंगेची आरती आणि तिसऱ्यात कुणाच्या तरी वाढदिवसाची चार पानी पुरवणी. चहाच्या आधी एवढं पोटात गेल्यावर दुसरं काय होणार? माझं ऐका. पेपर बंद करा आणि थेट सरकारी प्रेसनोट वाचायला लागा.

प्रेसनोट ही फार थंड प्रकृतीची वस्तू आहे. तिच्यात आढावा बैठक असते, बैठकीत निर्देश असतात आणि निर्देश ‘तात्काळ’ असतात. खड्ड्याचंच बघा. तुमच्या दारातला खड्डा गेल्या गणपतीपासून आहे, दोन मोपेडी आणि शेजाऱ्यांचे सासरे त्यात पडून झालेत. प्रेसनोटमध्ये मात्र तो पहिल्यांदा येतो तोच ‘खड्डे बुजविण्याचे निर्देश’ या मथळ्यात. जन्माला आला तोच बुजलेला! वाचणाऱ्याला एका ओळीचाही गचका बसत नाही. आणि व्याकरण तर काय वर्णावं. रस्ता खचला, निधी वर्ग झाला, काम प्रगतिपथावर आहे. कुणी काही केलेलंच नसतं, सगळं आपोआप होतं. नारळ कुणी फोडला तेवढं मात्र नाव, पद आणि फोटोसकट.

आता कुणी म्हणेल, सरकारी बातमी खोटी असते. अजिबात नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला येते, आणि 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका हे कोल्हापुरात बालवाडीतलं पोरही सांगेल. त्या आकड्यावर भरवसा ठेवून मी स्वतः तांदळाची पोती माडीवर चढवलीत. आकडा चोख होता. आता पूररेषेच्या आत भराव कुणी टाकला, परवानगीवर सही कुणाची, हे त्या आकड्यात बसत नाही. पट्टी पाण्यात उभी असते हो, फायलीत नाही.

शिवाय स्वस्ताई बघा. 2024 च्या मार्चमध्ये आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं पेपरवाल्यांसाठी ‘पीबी-शब्द’ नावाची सेवा काढली. बातम्या, फोटो, चित्रफिती, सगळं तयार, आणि सुरुवातीला चक्क फुकट. मग तालुक्याच्या पेपरवाल्यानं बातमीदार पाळायचा कशाला? त्याला पगार द्या, पेट्रोल द्या, वर तो प्रश्न विचारून जाहिरात घालवणार. तसे आपले खासगी पेपरही या बाबतीत समजूतदार आहेतच. प्रेसनोटमधला ‘माननीय’ काढायचा, वर ‘प्रतिनिधी’ लावायचं, झाली बातमी. एकाच बैठकीची एकच बातमी तीन पेपरांत, तिन्हींत तीच शुद्धलेखनाची चूक.

खासगी एफएमला तर हा मोहच नको म्हणून स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. ट्रॅफिक सांगा, पाऊस सांगा, विनोद सांगा. आणि आकाशवाणी स्वायत्त आहे बरं का! प्रसार भारतीचा कायदा 1990 चा. तो अमलात यायला 1997 उजाडलं, आणि पगाराला पैसे अजून सरकारच देतं. बापाच्या पैशावर स्वतंत्र झालेली पोरं आपल्या पेठेत काय कमी आहेत?

आणीबाणीत तर यापेक्षाही सुटसुटीत सोय होती. 1976 मध्ये पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार वृत्तसंस्थांची मिळून ‘समाचार’ नावाची एकच केली. चार घरचा चार चवींचा रस्सा कशाला, एकच पातेलं! 1978 मध्ये ती मोडली आणि परत चार चुली झाल्या. लोकांना सुख सोसत नाही.

स्वतंत्र पत्रकार चुकतात, हे तर कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. आपल्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेड लागलंय असं कारभारी सांगत होते. टिळक-आगरकरांनी ते गुमान छापायचं, तर दिवाण बर्वे महाराजांचा छळ करतात म्हणून लिहिलं. पुरावा म्हणून मिळालेली पत्रं बनावट निघाली. 1882 मध्ये अब्रूनुकसानीची शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. पुढच्याच वर्षी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यातच वारले. बघा, चूक छापणारे तुरुंगात गेले. प्रेसनोट काढून कुणी डोंगरीला गेल्याचं ऐकलंय?

तरी खरं-खोटं कुणीतरी ठरवायला हवंच. त्याचीही तजवीज झाली होती. 2023 मध्ये केंद्रानं नियम केला की केंद्र सरकारच्या कारभाराबद्दल इंटरनेटवर खोटं काय, ते सरकारचाच सत्यशोधन कक्ष ठरवेल. (सत्यशोधन म्हटल्यावर शाहूंच्या गावाला भलतंच काही आठवतं, ते सोडा.) पण 2024 च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो नियम घटनाबाह्य ठरवला. कोर्टाला दुधाचा धंदा ठाऊक नाही, दुसरं काय!

तुम्हाला तो ठाऊक आहे, म्हणून सांगतो. सकाळी दूध संस्थेत किटली घेऊन जाता, तिथं फॅट मोजायचं मशीन दुसऱ्याच्या ताब्यात. फॅट कमी लागली की रांगेत भांडणं. उद्यापासून सांगा, दूध आमचं, म्हैस आमची, तिला पेंड घालतो आम्ही, तर फॅटही आम्हीच सांगणार. लिहून घ्या, साडेआठ. सचिव आधी हसेल, मग रांगेकडे बघेल. रांगेतला प्रत्येकजण साडेआठच सांगणार आहे.

आणि गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जाल तेव्हा ती जुनी खोड सोडा. कासेकडे टक लावून काय बघायचं? म्हशीकडे पाठ करून निवांत उभे राहा. पेला भरला की मालक आवाज देईल.