उत्तर: "कॉइल प्लेट रिवाइंड केली, तरी मीटर शून्य"

नमस्कार साहेब. गाडीच्या मॅग्नेटोत, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या भागात, आमच्याकडून रिवाइंड केलेली (नवी तार गुंडाळलेली) कॉइल प्लेट बसवूनही बॅटरी उतरते, मीटर शून्य दाखवतो आणि आम्ही तार कमी भरली, अशी आपली तक्रार आहे. पण आपण टाकलेल्या फोटोत मीटरचा खटका डीसी २० वर (एकाच दिशेचा करंट, २० व्होल्टपर्यंत) आहे. तिथे कोरी करकरीत प्लेटही शून्यच दाखवेल.

मॅग्नेटोत कॉइल जागेवर असते, फिरतात ती चुंबकं. फ्लायव्हीलच्या (इंजिनसोबत फिरणाऱ्या चाकाच्या) आत उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने असतात. प्लेटच्या ज्या दातावर तार गुंडाळलेली असते, त्याच्यासमोरचा ध्रुव बदलला की करंटची दिशा उलटते, म्हणजे एसी. डीसी रेंज त्याची सरासरी दाखवते, ती शून्य.

इंजिन बंद ठेवून आरआर युनिटकडे (रेग्युलेटर-रेक्टिफायर, एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) जाणारा तीन पिवळ्या वायरींचा कपलर (जोड-प्लग) सोडवा. कुठल्याही दोन पिवळ्यांत एक ओहमच्या आत रेझिस्टन्स हवा. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. पिवळी आणि इंजिन बॉडीत कंटिन्युइटी (विजेचा जोड) अजिबात नको. मग खटका एसी २०० वर घेऊन गाडी चालू करा. आयडलला साधारण १५ ते २५ व्होल्ट, ५००० आरपीएमला ५० च्या वर. मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा यायला हवा, हे महत्त्वाचं.

तारेबद्दल: जुनी तार काढताना टर्न (वेढे) मोजतो आणि त्याच गेजने (जाडीने) तेवढेच भरतो. टर्न कमी पडले तर व्होल्टेज त्याच प्रमाणात पडतं. १८ दातांच्या प्लेटवर कॉइलचे तीन गट, म्हणजे तीन फेज; एका फेजच्या ६ कॉइल. त्यातली एक जरी उलटी गुंडाळली तरी ती दुसरीला मारते आणि चार कॉइलचंच व्होल्टेज उरतं. असं असेल तर जोड्यांचे आकडे जुळणारच नाहीत, लपवता येत नाही.

आकडे जुळले तर दोष पुढे आहे: आरआर युनिट, त्याची अर्थिंगची वायर किंवा कपलर. पिना काळ्या-तपकिरी पडल्या असतील तर घासत बसू नका, कपलर बदला. शेवटी कपलर परत जोडून बॅटरीवर डीसी मोजा; रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ हवं.

फोटोत दोन जादा फॉगलॅम्पही दिसतात. ५५ वॅटचे असतील तर दोघांनाच नऊ अँपिअर लागतात, छोट्या गाडीच्या प्लेटला ते झेपत नाही. आधी ते बंद ठेवून मोजा. एसीचे आकडे जुळले नाहीत तर प्लेट घेऊन या, पैसे न घेता पुन्हा भरून देऊ.