सुनावणीच्या आधीच कुलूप

सोमवारी सकाळी पावणेआठ, एका कडेवर लेक, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, साडेआठला मीटिंग, आणि डेकेअरच्या काचेच्या दारावर एक कागद चिकटवलेला. आधी वाटलं पाणीबिणी गेलं असेल. जवळ जाऊन बघते तर कॅलिफोर्नियाच्या सोशल सर्व्हिसेस खात्याची टेम्पररी सस्पेन्शन ऑर्डर, लायसन्स आजपासून स्थगित. काचेतून लेकीचा कप्पा दिसत होता आणि त्यात तिची गोधडी, आईने जुन्या साड्यांची शिवलेली, शुक्रवारी आम्ही विसरलेली. लेक काचेवर थापा मारतेय आणि मी मनातल्या मनात सरकारला शिव्या घालतेय. मराठीतच, इंग्रजीत समाधान होत नाही.

या गोष्टीला दीडेक वर्ष झालं. आज लिहितेय कारण आमच्या इथल्या मराठी आयांच्या ग्रुपवर परवा यावरूनच जुंपली, काही सिद्ध व्हायच्या आधी कुणाचा धंदा बंद कसा करतात म्हणून. मी पण तेव्हा अगदी हेच म्हणत होते. आता नाही म्हणत.

एक तर हे कुलूप कुठल्याही चुकीला लागत नाही. डायपर टेबल नीट पुसलं नाही, फाइलमध्ये लसीचा कागद नाही, असल्याला मुदत देतात, परत तपासायला येतात. मारहाण, छळ, पोराला सोडून देणं किंवा जिवाला खरोखर धोका आहे असं दिसलं तरच सुनावणीच्या आधी बंद. आणि बंद केलं की घड्याळ सरकारच्याही मागे लागतं, चालकाने आरोप मान्य नाहीत असं कळवलं की ३० दिवसांच्या आत सुनावणी घ्यावी लागते आणि ती संपल्यावर ३० दिवसांत निकाल दिला नाही तर स्थगिती उठते. आपल्याकडच्या कोर्टाच्या तारखा बघितलेल्या माणसाला हे वाचून गहिवरूनच येतं.

आणि घाई म्हणाल तर घाई कुठे होते हो? २ ऑक्टोबर २०२३, सॅन होजे, आमच्यापासून अर्ध्या तासावर, घरगुती डेकेअरच्या मागच्या स्विमिंग पूलमध्ये दोन मुली बुडून गेल्या, दोघी दीड वर्षाच्या आतबाहेरच्या. लायसन्स सस्पेंड झालं, पण त्यानंतर. त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये पोरं झोपायची तिथेच जमिनीखाली फेंटानिल, म्हणजे जीवघेणं ड्रग, लपवलेलं, एक वर्षाचा मुलगा गेला, आणि तिथे काही दिवसांपूर्वीच इन्स्पेक्शन होऊन सगळं ठीक असा शेरा मिळालेला. तिथेही लायसन्सवर कारवाई नंतरच. म्हणजे आपण भांडतोय की फार लवकर बंद करतात आणि प्रत्यक्षात ऑर्डर येते तेव्हा दारात अॅम्ब्युलन्स येऊन गेलेली असते.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं निदान तिथे बंद करायला कोणीतरी आहे." ती नवी मुंबईची. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला तिथल्या बाईने कसं मारलं ते सीसीटीव्ही आपण सगळ्यांनी बघितलं, बघवलं नाही तरी बघितलं. पोलिसांनी अटक केली, बरोबरच. पण खासगी पाळणाघराला लायसन्स देणारा वेगळा कायदाच नव्हता, मग सस्पेंड काय करणार, कपाळ? २०१७ च्या मॅटर्निटी कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना पाळणाघर सक्तीचं केलं, पण सोसायटीत तळमजल्यावर बारा पोरं सांभाळणाऱ्या मावशींना त्याचं काय.

चालवणाऱ्यांची बाजू मला कळते. आमच्याच गल्लीत एक काकू घरी डेकेअर चालवतात, लहान लायसन्सवाल्या, जास्तीत जास्त आठ पोरं. त्या म्हणतात, एखाद्या चिडक्या बापाने खोटी तक्रार केली तर माझं काय, घराचा हप्ता कोण भरणार? खरं आहे. म्हणून तर ते ३० दिवस महत्त्वाचे. पण तोपर्यंत पोरं तिथेच ठेवायची का, यावर काकूही गप्प बसतात.

सरकारवर माझा राग आहे तो वेगळाच. कुलूप लावलंत, छान, आता आम्ही पोर ठेवायचं कुठे? हातात एक फोन नंबर आणि तिथून मिळालेली यादी, सगळीकडे वेटिंग, कारण चार तान्ह्यांमागे एक माणूस लागतो त्यामुळे जागा मुळातच कमी. मी तीन आठवडे बाथरूममधून मीटिंगा केल्या. जिला सुट्टी घेतली की पगार कापतात ती काय करत असेल?

आता खरी लाजेची गोष्ट. ऑर्डर यायच्या दोन महिने आधी एका संध्याकाळी डेकेअरवालीने क्लिपबोर्ड पुढे केला होता, "जस्ट साइन हिअर". मी केली सही. गंभीर चूक सापडली, म्हणजे टाइप ए, की तो रिपोर्ट पालकांना द्यावा लागतो आणि मिळाल्याची सही घ्यावी लागते, हे मला नंतर कळलं. घरी ड्रॉवरमध्ये तो कागद सापडला, चार घड्या घातलेला. एक मूल मागच्या अंगणात एकटं राहिलं होतं, आत घेताना कोणाच्या लक्षात आलं नाही, असं त्यात सरळ लिहिलेलं. वर सरकारी साइटवर डेकेअरचं नाव टाकलं की जुन्या भेटींचे रिपोर्ट दिसतात. आम्ही फ्रीज घेताना दोनशे रिव्ह्यू वाचले होते.

नवीन ठिकाणी मागच्या महिन्यात परत क्लिपबोर्ड आला. मी तिथेच उभी राहून वाचायला लागले, लेक ओढणी ओढतेय, मागे दोन बाबा चुळबुळ करतायत, रिसेप्शनवरची मुलगी हसून म्हणते, काही विशेष नाहीये. दिसायला छोटंच होतं, ब्लीचची बाटली ठेवायच्या कपाटाचं लॅच तुटलं होतं. मी विचारलं, बसवलं का नवीन? ती म्हणाली बघून सांगते, आणि आत गेली.